स्टॉकहोमच्या जुन्या चर्चचा खर्च कोणी उचलायचा?

स्टॉकहोमच्या जुन्या गावठाणात, गामला स्तानमध्ये, राजवाड्याला खेटून स्टूरशिर्कान हे चर्च उभे आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख १२७९ सालचा. संत निकोलसला अर्पण केलेले हे चर्च व्यापाऱ्यांनी आणि दर्यावर्दींनी भरलेल्या एका नव्या बंदराचे गावचर्च होते. पुढे तिथे राज्याभिषेक झाले, राजघराण्यातली लग्ने लागली आणि १९४२ साली स्टॉकहोमचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर ते कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, ठरले. आज पर्यटकाला आत जायचे तर दारात तिकीट काढावे लागते. प्रार्थनेला किंवा उपासनेला येणाऱ्याला ते लागत नाही.

हे तिकीट बंद व्हावे आणि चर्चच्या देखभालीचा मोठा वाटा स्वीडनच्या सरकारने उचलावा, असे माझे ठाम मत आहे. मी त्या चर्चची सभासद नाही, ख्रिस्तीही नाही. मराठी घरात वाढून स्टॉकहोममध्ये नोकरी करणारी, तिथे कर भरणारी बाई म्हणून हे लिहिते आहे. माझ्या करातले काही पैसे या इमारतीवर खर्च होतात, याबद्दल माझी तक्रार नाही. ते कमी पडतात, ही तक्रार आहे.

त्यामागची कारणे चर्चच्या आत आहेत, म्हणून आधी आत जाऊ.

बाहेरून ही इमारत अठराव्या शतकातली वाटते. १७३६ ते १७४२ या काळात वास्तुविशारद यूहान एबेरहार्ड कार्लबेर्य यांनी तिला बरोक शैलीचा गिलावा चढवला. शेजारचा जुना राजवाडा १६९७ च्या आगीत जळाला होता, त्या जागी नवा इटालियन धाटणीचा राजवाडा उभा राहत होता, आणि त्याच्या शेजारी मध्ययुगीन विटांचे चर्च शोभणार नाही असे तेव्हाच्या कारभाऱ्यांना वाटले. आत पाऊल टाकले की मात्र पंधराव्या शतकात येतो. विटांचे जाड खांब, त्यांच्यावर तोललेल्या कमानी, पाच ओळींत विभागलेले रुंद दालन. या विटाही एके काळी गिलाव्याखाली होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत त्या उघड्या केल्या गेल्या. म्हणजे ज्याला आज आपण ‘मध्ययुगीन’ म्हणून डोळे भरून पाहतो, ते रूप आपल्याला शंभरेक वर्षांपूर्वीच्या आवडीनिवडीने दिलेले आहे.

पूर्वेच्या बाजूला आणखी एक खूण आहे. चर्चचे मूळ गर्भगृह आज जिथे संपते त्याच्या पुढेही होते. सोळाव्या शतकाच्या मध्यावर गुस्ताव वासा या राजाने किल्ल्याच्या तटबंदीला मोकळी जागा हवी म्हणून तो भाग पाडून टाकला. हाच राजा काही काळ अख्खे चर्चच हटवण्याच्या विचारात होता, असे सांगतात. खरे असो वा नसो, जे पाडले गेले ते दिसतेच आहे.

मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या इमारतीचे आजचे रूप, मागून कापलेले आणि बाहेरून झाकलेले, हे सत्तेने घडवलेले आहे. धर्मसंस्थेने स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या गरजेसाठी बांधलेली वास्तू एवढेच तिचे वर्णन करणे इतिहासाला धरून नाही.

आता चर्चमधल्या संत यॉर्जच्या शिल्पाकडे वळू. ड्रॅगनला मारून राजकन्येला सोडवणारा हा ख्रिस्ती संत, इंग्रजीत सेंट जॉर्ज. उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन लाकडी शिल्पांत याच्या तोडीची कामे फार थोडी आहेत. घोड्यावर उभारलेला यॉर्ज, तलवार उगारलेली, घोड्याच्या टापांखाली उलटा पडलेला राक्षसी ड्रॅगन, आणि थोड्या अंतरावर वेगळ्या चौथऱ्यावर गुडघे टेकून बसलेली राजकन्या. शिल्प ओकच्या लाकडाचे आहे, पण ड्रॅगनच्या अंगावरचे काटेरी फाटे खऱ्या एल्कच्या, म्हणजे तिकडच्या अवाढव्य हरणाच्या, शिंगांचे आहेत. उत्तरेच्या जंगलातले जनावर त्या राक्षसाच्या अंगात मिसळून गेले आहे. ही कल्पना ज्याला सुचली तो कारागीर सामान्य नव्हता. परंपरेने हे काम ल्यूबेक या जर्मन शहरातला बेर्न्ट नोटके याच्या नावावर आहे. अलीकडे काही संशोधकांनी त्यावर शंका घेतली आहे, पण शिल्पाची थोरवी त्या वादावर अवलंबून नाही.

हे शिल्प करवून घेतले स्वीडनचा राज्यपालक, म्हणजे राजाच्या जागी कारभार पाहणारा, स्टेन स्तूरे थोरला याने. १४७१ साली ब्रुंकेबेर्गच्या लढाईत त्याने डेन्मार्कचा राजा पहिला क्रिस्तियान याचा पराभव केला होता. १४८९ च्या अखेरीस शिल्पाची प्रतिष्ठापना झाली. बघणाऱ्याला अर्थ समजायला अवघड नव्हता: यॉर्ज म्हणजे स्तूरे, ड्रॅगन म्हणजे डेन्मार्क, आणि राजकन्या म्हणजे सुटका झालेले स्टॉकहोम. शिवाय यॉर्जच्या छातीत संतांचे अवशेष ठेवण्याची जागा केलेली होती. म्हणजे एकाच मूर्तीत विजयस्तंभ, राजकीय जाहीरनामा आणि भक्तीचे अधिष्ठान, तिन्ही. त्या काळच्या माणसाला या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटतच नव्हत्या. आपल्याला वाटतात, म्हणून आपण त्यांचे वेगवेगळे हिशेब मांडू पाहतो: हा भाग संस्कृती खात्याचा, तो भाग चर्चचा.

विजयाचा तो आनंद फार टिकला नाही, हेही इथेच आठवते. ४ नोव्हेंबर १५२० रोजी याच चर्चमध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्तियानला स्वीडनचा राजा म्हणून मुकुट घातला गेला. ड्रॅगन चिरडणारा यॉर्ज तेव्हा तिथेच होता. त्यानंतर काही दिवसांतच, चर्चपासून चार पावलांवरच्या मोठ्या चौकात, स्वीडिश सरदार, बिशप आणि शहरातले प्रतिष्ठित नागरिक मिळून ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली गेली. इतिहासात त्याला स्टॉकहोमचे रक्तस्नान म्हणतात. ज्या देशाचे हे चर्च मानचिन्ह आहे, त्या देशाच्या अपमानाचेही ते साक्षीदार आहे.

एकोणिसाव्या शतकात या शिल्पाला चर्चमधून हलवून संग्रहालयात नेण्यात आले. तेव्हाच्या चर्चमधल्या लोकांना ते जुनाट, अवजड आणि पोपच्या, म्हणजे धर्मसुधारणेआधीच्या कॅथलिक काळातले वाटले असणार. विसाव्या शतकात ते परत आले. आज ते पाहताना मनात येते की परत आणणाऱ्यांनी योग्य तेच केले. संग्रहालयात ते एक उत्तम लाकडी शिल्प होते. इथे, विटांच्या खांबांमध्ये, राजवाड्याच्या इतक्या जवळ आणि त्या चौकाच्या इतक्या जवळ, ते पुन्हा बोलू लागते.

संग्रहालयाच्या बाजूने बोलणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांचा मुद्दा खरा आहे: मेणबत्त्यांची काजळी, हिवाळ्यात गरम केलेली कोरडी हवा, हजारो माणसांच्या श्वासाचा ओलावा, या सगळ्यांचा पाचशे वर्षांच्या रंगवलेल्या लाकडावर परिणाम होतो. संग्रहालयात तापमान आणि आर्द्रता हवी तशी राखता येते. पण यावरचा उपाय वस्तू हलवणे हा नाही. हवा मोजणारी यंत्रे बसवा, मेणबत्त्या लावायची जागा दूर करा, जाणकार संवर्धक नियमित येतील असे पाहा. या सगळ्याला पैसा लागतो, आणि प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

चर्चच्या दक्षिण बाजूला एक मध्यम आकाराचे चित्र आहे. स्टॉकहोमचे छोटेसे बेट, त्यावरचा किल्ला, चर्च, घरांची गर्दी, आणि वर आकाशात सूर्याभोवती पसरलेली वर्तुळे आणि कमानी. २० एप्रिल १५३५ च्या सकाळी स्टॉकहोमकरांनी हे खरोखर पाहिले होते. हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे असे सूर्याभास दिसतात. लोक घाबरले. चर्चमधला, पोपपासून फारकत घेणाऱ्या धर्मसुधारणेचा उपदेशक ओलाउस पेत्री याने ते दृश्य रंगवून चर्चमध्ये लावून घेतले. राजा गुस्ताव वासाला हे आवडले नाही, कारण आकाशातल्या अशुभ खुणा कोणाविरुद्ध बोट दाखवतात हे त्याला नेमके कळत होते. चार-पाच वर्षांनी पेत्रीवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा हे चित्रही पुराव्यात आले. त्याला देहदंड सुनावण्यात आला, मग माफी मिळाली. पुढे तो याच चर्चचा मुख्य धर्मगुरू झाला आणि १५५२ साली इथेच त्याचे दफन झाले. स्वीडिश भाषेतली उपासना आणि स्वीडिश भाषेतला नवा करार (बायबलचा उत्तरार्ध) यांमागे ज्यांची नावे घेतली जातात त्यांत हा माणूस अग्रणी. म्हणजे आजच्या लेखी स्वीडिश भाषेचे ऋण काही अंशी या चर्चकडे जाते, आणि त्या भाषेत आज कोणत्याही धर्माची किंवा कुठलाच धर्म न मानणारी माणसे लिहितात.

आज भिंतीवर आहे ते पेत्रीने काढून घेतलेले मूळ चित्र नव्हे. ते हरवले. १६३६ साली याकोब एल्बफास या चित्रकाराने केलेली ही प्रत आहे. बराच काळ लोक हेच मूळ समजत होते. १९९८-९९ मधल्या तपासणीत लाकडाच्या वर्षवलयांवरून ही प्रत सतराव्या शतकातली असल्याचे पक्के झाले. पण स्टॉकहोमचे इतके जुने रंगीत रूप दुसरीकडे कुठे नाही, आणि मूळ चित्र गेल्यावर पुढच्या पिढीला ते पुन्हा काढून घ्यावेसे वाटले, हीच मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एखाद्या समाजाला आपली स्मृती जपायची असेल तर ती पुन्हा पुन्हा, स्वतःच्या पैशाने, जपावी लागते.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. काळ्या आबनुसावर चांदी जडवलेली मुख्य वेदी सतराव्या शतकाच्या मध्यावरची. युरोपातले तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात स्वीडनच्या वतीने बोलणी करणाऱ्या यूहान आद्लेर साल्वियस याच्या कुटुंबाकडून ती आली. राजघराण्याची दोन आसने १६८४ ची, आरेखन नीकोदेमुस तेसीन धाकट्याचे, कोरीवकाम बुर्खार्ड प्रेश्टचे. देवदूतांनी वर उचलून धरलेले मुकुट इतके मोठे आहेत की खाली बसलेला राजा लहान दिसावा. सोनेरी व्यासपीठही प्रेश्टचेच, १७०० च्या सुमारासचे. दाव्हिद क्लोकर एहरेनस्ट्रालची प्रचंड मोठी चित्रे. माणसाच्या दुप्पट उंचीचा सात फांद्यांचा मध्ययुगीन पितळी दीपवृक्ष. आणि या शतकात ठेवलेले लेना लेर्विक यांचे योसेफ आणि मारिया यांचे शिल्प, जे पाहिल्यावर पटते की सामान जमवायचे काम अजून थांबलेले नाही.

यातली नावे नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. नोटके ल्यूबेकचा. चांदीची वेदी हॅम्बुर्गच्या कारागिरांची. एहरेनस्ट्राल हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला. प्रेश्ट ब्रेमेनचा. एल्बफास बाल्टिक समुद्रापलीकडच्या लिव्होनियातला. स्वीडनचे राष्ट्रीय मंदिर म्हणून ज्याचा गौरव होतो ते चर्च प्रामुख्याने बाहेरून आलेल्या माणसांच्या हातांनी सजले आहे. स्वीडनमध्ये सध्या कोण ‘आपले’ आणि कोण ‘उपरे’ यावर मोठ्या आवाजात चर्चा चालते. त्या चर्चेत वारसा या शब्दाचा वापर कुंपणासारखा होतो. ज्यांना तो तसा वापरायचा आहे त्यांनी या दालनात अर्धा तास उभे राहावे असे मला मनापासून वाटते. हे सामान कोणत्याही एका रक्ताच्या माणसांचे नाही. इथे येऊन काम केलेल्या आणि इथे राहून कर भरलेल्या सगळ्यांचे आहे.

आता खर्चाचा प्रश्न. १ जानेवारी २००० रोजी स्वीडनमध्ये स्वीडिश चर्च ही धर्मसंस्था आणि राज्य वेगळे झाले. त्याआधी जवळपास पाच शतके ते एकच होते. विभक्त होताना चर्चच्या इमारती चर्चकडे राहिल्या, पण त्यांच्यावर कायद्याचे बंधनही राहिले. १९३९ च्या अखेरीपर्यंत बांधलेल्या स्वीडिश चर्चमध्ये महत्त्वाचा बदल करायचा तर जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. अशी चर्चेस हजारोंनी आहेत. ऐतिहासिक मूल्याच्या वस्तूंची यादी ठेवावी लागते. त्या विकायच्या, हलवायच्या किंवा दुरुस्त करायच्या तर अनुमती घ्यावी लागते. हे बंधन योग्यच आहे. पण दुसऱ्याच्या घरातल्या कपाटाची किल्ली आपल्याकडे ठेवायची आणि कपाटाला वाळवी लागली तर बिल त्याच्या नावे धाडायचे, हे न्यायाला धरून नाही.

सरकारला हे मान्य आहे, म्हणूनच २००२ पासून चर्चच्या पुरातत्त्वीय देखभालीसाठी दरवर्षी भरपाई दिली जाते. तिची रक्कम वाढत वाढत २०१० च्या सुमारास वर्षाला ४६ कोटी क्रोनरपर्यंत (क्रोनर हे स्वीडनचे चलन) पोहोचली आणि मग कित्येक वर्षे तिथेच गोठली. त्या काळात तांब्याचे पत्रे महागले, गवंड्यांची मजुरी वाढली, जुन्या चुन्याचे काम जाणणारे कारागीर दुर्मिळ झाले. आकडा तोच राहिला म्हणजे मदत दरवर्षी थोडी थोडी कमीच होत गेली.

दुसऱ्या बाजूने चर्चचे स्वतःचे उत्पन्न आकसते आहे. सभासद आपल्या करपात्र उत्पन्नाच्या साधारण एक टक्का चर्चला देतात. १९७० च्या दशकात देशातले ९५ टक्के लोक सभासद होते. आता ते प्रमाण निम्म्याहून थोडेच वर आहे. सभासद कमी झाले म्हणून छप्पर लहान होत नाही.

यावर सर्वांत तगडा आक्षेप असा: चर्च श्रीमंत आहे, देशातल्या मोठ्या वनमालकांपैकी एक आहे, तर त्याने आपली इमारत स्वतःच सांभाळावी. आणि जो माणूस मुस्लिम आहे, यहुदी आहे, नास्तिक आहे, त्याच्या करातून वेदीला चांदीची चकाकी का द्यायची? हा आक्षेप मी हलका मानत नाही. चर्चने आपल्या जंगलाच्या उत्पन्नाचा वाटा द्यावा, यात दुमत नाही. धर्मगुरूंचे वेतन, उपासनेचा खर्च, प्रवचनांची छपाई, यातले काहीही करदात्याने भरू नये. पण गुस्ताव वासाने कापलेली भिंत, राजवाड्याला शोभावा म्हणून चढवलेला गिलावा आणि राजांची आसने ही राज्याचीच कर्मे आहेत. पाच शतके मालक असलेल्याने फारकत घेताना जुनी जबाबदारी दारातच ठेवून निघून जावे, हे पटत नाही.

शिवाय लोकांना ही वास्तू आपली वाटते का, याचे उत्तर सभासदांच्या संख्येत सापडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तरेला किरुना शहरात, खाणीमुळे जमीन खचते म्हणून, १९१२ सालचे लाकडी चर्च अख्खे उचलून सुमारे पाच किलोमीटर दूर नेण्यात आले. खर्च खाण कंपनीने केला. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती, देशभर लोक थेट प्रक्षेपण पाहत होते. त्यांतल्या कितीजणांनी गेल्या वर्षभरात उपासनेत भाग घेतला होता? माझ्या ओळखीच्या, देव न मानणाऱ्या सहकाऱ्यांनी हातातले काम बाजूला सारून ते पाहिले आणि त्यांचे डोळे पाणावले.

तिकिटावरचा माझा राग यातूनच येतो. दारातल्या माणसाला ठरवावे लागते की समोरचा प्रार्थनेला आला आहे की पाहायला. हे कसे ठरवायचे? शिल्पासमोर पंधरा मिनिटे गप्प उभी राहणारी मी, धर्माने ख्रिस्ती नसलेली, प्रार्थना करत नव्हते असे कोण सांगणार? आणि तिकीट काढून आलेला माणूस आपोआप गिऱ्हाईक होतो. त्याला पैशाचे मोल हवे असते, छायाचित्रे हवी असतात, आणि उपासना सुरू झाली म्हणून दोरी लावली की तो नाराज होतो. उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये, जिथे गुस्ताव वासा स्वतः पुरलेला आहे, तिथे जायला तिकीट नाही. तिथली शांतता निराळी असते, आणि शाळकरी मुले मधल्या सुट्टीत सहज आत डोकावून जातात.

उपासना संपली की काय होते, याचे उदाहरण स्टूरशिर्कानपासून चालत दहा मिनिटांवर आहे. रिद्दारहोल्मेनचे चर्च तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस्कन साधूंनी बांधायला घेतले. तिथे राजे पुरले आहेत, गुस्ताव दुसरा आडोल्फ सुद्धा. १८०७ साली तिथला उपासक समुदाय विसर्जित झाला. तेव्हापासून ते राजघराण्याचे दफनस्थान आणि स्मारक आहे, मुख्यतः उन्हाळ्यात तिकीट काढून पाहायचे. वास्तू भव्य आहे, नीटनेटकी आहे. पण तिथे रविवारी लहान मूल रडत नाही, कोणी मोठ्या आवाजात बेसूर गात नाही, खांबाशी कोणाची ओली छत्री टेकलेली नसते. स्टूरशिर्कानमध्ये हे सगळे अजून आहे. त्या यॉर्जच्या शेजारी लोक अजून लग्ने लावतात, मुलांचा बाप्तिस्मा करतात, आपले मृत निरोपाला आणतात. जून २०१० मध्ये राजकन्या व्हिक्टोरियाचे लग्न इथे लागले तेव्हा जगाने ते पाहिले, पण माझ्या लेखी चर्चचा जीव कोणा साध्या जोडप्याच्या लग्नातही तितकाच असतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. सरकारी भरपाई महागाईशी जोडा, म्हणजे दरवर्षी ती आपोआप वाढेल. तिच्या बदल्यात अट घाला: ज्या चर्चला ही भरपाई मिळते त्याचे मुख्य दालन उपासनेच्या वेळा सोडून सर्वांना विनामूल्य खुले राहिले पाहिजे. मार्गदर्शकासह फेरी, मनोऱ्यावर चढणे, संध्याकाळचे वाद्यवादनाचे कार्यक्रम, यांसाठी शुल्क घ्यायला हरकत नाही, कारण त्यात माणसांची खास मेहनत असते. आणि वस्तू जागेवर राहू द्या. जपण्याच्या नावाखाली पुन्हा एकदा यॉर्जला कुठल्या काचेच्या दालनात नेण्याचा विचार पुढे आला, तर त्याला विरोध करणाऱ्यांत चर्चचे सभासद नसलेले आम्हीही असू.